मागच्या बाजूचा लाल खटका

“मशीन होईल हो दुरुस्त. म्हाताऱ्याचं काय?” बाहेर पडवीत कोणीतरी म्हणालं.

“म्हातारा काय, दुसरा मिळतोय,” दुसऱ्याने उत्तर दिलं. “मशीन कुठं मिळतंय?”

दोघे हसले. मीटिंगला लवकर आलेले शेतकी सोसायटीचे दोन सभासद होते ते. खिडकी उघडी होती आणि मी आत स्टुलावर बसून होते. माझ्यासमोर बेळगावहून आलेल्या मेकॅनिकने संगणकाचं झाकण काढून सिमेंटच्या जमिनीवर ठेवलं होतं. तोंडात दोन स्क्रू धरून तो आत बघत होता. झाकण निघताच आठ दिवसांपूर्वीचा तो वास पुन्हा खोलीत पसरला. जळलेलं प्लास्टिक आणि कुजक्या माशासारखं काहीतरी.

म्हातारा म्हणजे आमचा शिपाई. त्याला सगळे मामा म्हणत, मीही म्हणायची. वय पन्नास-पंचावन्न असेल, पण डोंगरात राबलेली माणसं लवकर वाळतात. बारा पावसाळे तो सोसायटीत रोजंदारीवर होता. त्या महिन्याच्या मीटिंगमध्ये त्याला कायम करायचं ठरलं होतं. तसा अर्ज मीच त्याला लिहून दिला होता. आता त्याच मीटिंगमध्ये त्याला काढायचा विषय होता. कारण संगणक जळाला होता, आणि त्याचा प्लग वेळेवर काढायचं काम मामांचं होतं.

संगणक का जळाला ते त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

माझे वडील कॅसलरॉकला रेल्वेत होते. मला त्यांनी बेळगावला हॉस्टेलवर ठेवून इंग्रजी शाळेत शिकवलं. त्यामुळे झालं असं, की घरची मराठी मला कळायची सगळी, पण चार माणसांत बोलायची वेळ आली की वाक्य आधी इंग्रजीत तयार व्हायचं. ते मराठीत येईपर्यंत लोक पुढच्या विषयावर गेलेले असायचे. मग मी बोलणंच सोडून दिलं. ऐकायची मात्र. रुळांच्या रुंदीकरणासाठी कॅसलरॉकच्या गाड्या बंद होत्या ती वर्षं. घरून रोज येणं शक्य नव्हतं, म्हणून मी रामनगरला मावशीकडे राहून या सोसायटीत नोकरी करत होते. नोकरी मिळायचं कारण एकच. जिल्ह्याच्या ऑफिसने त्यांचा जुना संगणक आमच्या सोसायटीला दिला, आणि त्याचं पुस्तक इंग्रजीत होतं. चेरमन माझ्या वडिलांच्या ओळखीचे. ते म्हणाले, पोरगी इंग्रजी शिकलीय, तिला बसवा.

हेडक्लार्क मला नावाने कधीच हाक मारत नसत. “काय कॉन्व्हेंट, आज किती वेळा मेलं मशीन?” असं रोज विचारायचे.

मशीन खरंच मरत होतं. सोसायटीची भाताची गिरण आमच्या भिंतीला लागून होती. सुगी झाली की सकाळी आमचं ऑफिस उघडायच्या आधी गिरण सुरू व्हायची ती संध्याकाळपर्यंत. जंगलातून इतक्या लांबून आलेली ती वीजतार, तिच्या अगदी शेवटच्या टोकाला आम्ही. गिरणीची मोटर सुरू झाली की आमच्या खोलीतला बल्ब तांबडा व्हायचा, आतली तार मोजता यायची. संगणक सुरू व्हायचा, अर्धा मिनिट घरघरायचा आणि बंद पडायचा. सभासदांची यादी त्यात भरायची होती. दहा नावं भरली की पडदा काळा. पुन्हा पहिल्या नावापासून.

संगणकाबरोबर एक स्टॅबिलायझरही आला होता. जड, पत्र्याचा. कमी-जास्त येणारी वीज तो सारखी करून देतो म्हणे. पण तो आला त्याच संध्याकाळी चेरमननी घरी नेला, त्यांचा टीव्ही नीट दिसत नव्हता म्हणून. तात्पुरता. त्याबद्दल कोणीच काही बोलत नसे, मी तर नाहीच.

मी ते पुस्तक मावशीकडे नेलं आणि दोन रात्री वाचलं. तिसऱ्या प्रकरणात एक चित्र होतं. संगणकाच्या मागच्या बाजूला, पॉवर सप्लायच्या पेटीवर, एक लहान लाल खटका असतो. एका बाजूला सरकवला की त्यावर २३० दिसतं, दुसऱ्या बाजूला सरकवला की ११५. ज्या देशात वीज ११५ व्होल्टची असते तिथे खटका ११५ वर ठेवावा, असं लिहिलं होतं. खाली चौकटीत एक सूचना होती. मी तीही वाचली.

दुसऱ्या दिवशी गिरणीच्या फळीवरच्या व्होल्टच्या मीटरचा काटा मी जाता जाता बघितला. एकशे वीस आणि एकशे तीसच्या मध्ये थरथरत होता. म्हणजे आमच्या खोलीत वीज जवळजवळ त्या दुसऱ्या देशाइतकीच येत होती. जेवणाच्या सुट्टीत खोलीत कोणी नव्हतं. खटका बोटाने सरकत नव्हता, खोल बसवलेला होता. मी केसातली पिन काढली आणि सरकवला.

संगणक सुरू झाला आणि सुरूच राहिला. त्या दुपारी मी चाळीस नावं भरली. हेडक्लार्कांनी चष्मा वर करून पडद्याकडे पाहिलं. “काय केलंस?” मी खांदे उडवले. ते चेरमनना म्हणाले, “पोरीच्या हाताला गुण आहे.” चेरमन माझ्या वडिलांना भेटल्यावर तेच म्हणाले. रविवारी घरी गेले तर आईने मला ते दोनदा सांगितलं. मला तोपर्यंत कोणी हुशार म्हटलं नव्हतं. इंग्रजी येतं म्हणायचे, ते वेगळं. मी काय केलं ते मग मी कोणाला सांगितलंच नाही.

चौकटीतली सूचना मात्र माझ्या डोक्यात होती. खटका ११५ वर असताना पूर्ण वीज आली तर आतला भाग फुटतो. आमच्याकडे पूर्ण वीज येण्याची वेळ एकच होती, गिरण थांबली की. पण गिरण न सांगता थांबत नसे. गिरणीच्या दाराशी रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. चालवणारा माणूस सुरू करताना त्यावर लोखंडी कांब एकदा मारायचा, पट्ट्यापाशी कोणी असेल तर लांब व्हावं म्हणून. बंद करायच्या आधी दोनदा मारायचा, डोक्यावर भात घेऊन वाटेत असणाऱ्या बायकांनी पाय उचलावा म्हणून. दोन टोल पडल्यावर निदान पाच मिनिटं तरी गिरण चालायची. तेवढा वेळ मला पुरे होता.

मी मामांना सांगितलं, दोन टोल ऐकले की प्लग काढायचा. का, ते सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. टोल पडला की जिथे असतील तिथून ते यायचे. विजेला भ्यायचे ते. खांद्यावरचा पंचा हाताला गुंडाळायचे आणि प्लग असा ओढायचे, जसा बिळातून खेकडा ओढतात. “टोल पडला अक्का, लाइट काढली,” म्हणायचे. माझ्या दुपटीहून मोठा माणूस मला अक्का म्हणायचा. पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं, मग सवय झाली.

असे दोन महिने गेले.

तिकडच्या गावांत एक रीत आहे, ती मला माहीत नव्हती. माहीत व्हायला गावात कोणीतरी मरावं लागतं. प्रेत रस्त्यावर आलं की गिरण थांबते, आणि तिरडी पुढे जाईपर्यंत बंदच राहते. त्या थांबण्याला टोल देत नाहीत. मेलेल्या माणसाच्या वाटेवर लोखंड वाजवायचं नाही, असं म्हणतात. मडकं धरलेला माणूस वळणावर दिसला, की गिरणवाला गुपचूप खटका खाली ओढतो.

त्या सकाळी मामा दाराशी आले. कमरेच्या आकडीला रोज असणारा कोयता नव्हता, पाय अनवाणी होते. “अक्का, आमच्या वाड्यातली म्हातारी गेली. गिरणीत पाखडायला यायची न्हाई का, ती. खांद्याला जाऊन येतो. टोल पडला तर तेवढं तुमी काढा.”

मी मान हलवली. मान हलवायला मराठी लागत नाही.

तासाभराने पडवीत हालचाल झाली. “या, या, बाहेर या,” हेडक्लार्क म्हणाले. तिरडी जाताना घरात, ऑफिसात कोणी बसून राहत नाही, सगळे बाहेर येऊन उभे राहतात, हीही रीतच. मी उठले. पडद्यावर एक नाव अर्धं लिहिलेलं होतं. ते तसंच ठेवून मी बाहेर गेले आणि खांबाला टेकून उभी राहिले. वळणावर धूर दिसला, मग माणसं. पुढच्या बाजूला उजवीकडे मामांचा खांदा होता. गिरणीचा आवाज खाली खाली गेला आणि बंद झाला. इतके दिवस त्या आवाजाची सवय झालेली, तो गेल्यावर पाखरांचं ऐकू आलं. आणि माझ्या मागे, खोलीत, बल्ब पांढरा झाला. मला तो उजेड पडवीच्या जमिनीवर पडलेला दिसला. काय होतंय ते कळलं आणि मी हलले नाही. तिरडी बरोबर समोर होती. सगळे हात जोडून उभे होते. धावत आत जायचं म्हणजे सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं असतं.

आत फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. तिरडी उचललेल्या माणसांनी मान वळवली नाही. मामांनीही नाही.

चौकशी झाली ती अशी. हेडक्लार्क म्हणाले, “लाइट काढायचं काम कुणाचं?” मामा म्हणाले, “माजं.” “मग कुठं गेलतास?” “खांद्याला गेलतो.” “कुणाला विचारून?”

मी तिथेच होते, फाईल घेऊन. मामांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. “न्हाई विचारलं,” म्हणाले.

त्यांनी असं का म्हटलं यावर मी आठ दिवस विचार केला. एवढ्या पुरुषांत पोरीचं नाव घ्यायचं नाही, एवढंच असेल. की मला सांगून गेले होते, हे त्यांना सांगण्यासारखं वाटलंच नसेल. मी काही कोणाची वरिष्ठ नव्हते. त्यांच्यासाठी मी दोन वेण्या सोडून एक घातलेली, न बोलणारी मुलगी होते.

मेकॅनिकने चार स्क्रू काढून पॉवर सप्लायची पेटी बाहेर ओढली. वायरींच्या गुच्छासकट ती कोंबडीच्या आतड्यासारखी लोंबत आली. त्याने ती हलवली. आत काहीतरी खुळखुळलं.

“ह्येच गेलंय. बाकी मशीन चांगलं हाय, नशीब तुमचं,” तो म्हणाला. मग प्लगच्या फळीकडे वळला, टेस्टर घातला, वरच्या मोठ्या भोकात टॉर्च मारला. “अर्थिंगला वायरच न्हाई ओ. तीन भोकं नुसती बघायला ठेवलासा काय? आणि स्टॅबिलायझर कुठं हाय?”

हेडक्लार्कांनी खिडकीबाहेर बघितलं. नंतर त्यांनीच कोणाला तरी हळूच सांगितलं, आणि दुपारी चेरमनच्या जीपमधून स्टॅबिलायझर आला. त्यावर टीव्ही ठेवायचा विणलेला रुमाल तसाच होता.

मेकॅनिकने जुनी पेटी उलटी केली आणि थांबला. “हे कुणी केलंय?” लाल खटक्यावर बोट ठेवून त्याने विचारलं. “एकशे पंधरावर हाय की. म्हणूनच फुटलंय. ह्येला मोठी लाइट येताच उडणार.”

वाक्य तयार होतं, इंग्रजीत, अगदी स्वच्छ.

“रोज सकाळी पुसतो की मामा,” हेडक्लार्क म्हणाले. “फडकं लागलं असेल.”

“फडक्यानं सरकत न्हाई ओ हे. बारीक, टोकाचं कायतरी लागतंय.”

“त्याच्या कमरेला कोयता असतोय. त्याचं टोक घातलं असेल, काय हाय बघूया म्हणून.” हेडक्लार्कांच्या ह्या बोलण्यावर पडवीतले दोघे हसले. त्यातला एक म्हणाला, “डोंगरातली माणसं. नवीन दिसलं की खुपसून बघणार.”

मामा दाराशी उभे होते. त्यांनी खटक्याकडे वाकून बघितलं, जणू पहिल्यांदाच बघत होते. पहिल्यांदाच बघत होते ते. “लागलं असंल माज्याच हातानं,” म्हणाले. “कळलं न्हाई.”

मेकॅनिकने माझ्याकडे एकदा बघितलं. माझ्या केसांकडे बघितलं असं मला वाटलं, पण तसं नसेलही. त्याने खटका सरकवून दाखवला, पुन्हा सरकवला, आणि जुनी पेटी माझ्या पायाशी ठेवून दिली. मग नवी पेटी बसवायला घेतली. मदरबोर्डला जाणारे दोन प्लग त्याने मला दाखवले, कारण पुस्तक माझ्याकडे होतं. “हे दोन शेजारी शेजारी लावताना काळ्या वायरी मधे आल्या पायजेत, बाई. उलटं लावलं तर सगळं बोर्डच जळतंय.” मी मान हलवली.

अर्थिंगशिवाय मशीन सुरू करून देणार नाही, असं तो म्हणाला. वीज कडाडली किंवा तारेतून जास्त आली, तर ती जमिनीत जायला वाट लागते. ती वाट म्हणजे एक खड्डा, त्यात तांब्याची पट्टी, भोवती कोळसा आणि मीठ, आणि रोज पाणी. खड्डा कोण खणणार, हा प्रश्न आलाच नाही. मामांनी पहार घेतली.

आमच्या ऑफिसमागे जांभा दगड होता. एक वीत माती आणि मग चिरा. खिडकीतून मला त्यांची पाठ दिसत होती, खाली जाणारी. आधी कमरेपर्यंत दिसायचे, मग छातीपर्यंत, मग पहार वर आली की तेवढीच. मधे एकदा मी पाणी घेऊन गेले. त्यांनी तांब्या वरून घशात ओतला, तोंड पुसलं.

“मामा,” मी म्हटलं.

“व्हय अक्का?”

“खोल झालं?”

“अजून दीड हात म्हणतोय त्यो पोरगा.” त्यांनी खड्ड्यात बघितलं. “ह्यात रोज पाणी घालायला पायजे म्हणं. मी नसलो तर लक्षात ठिवा. वाळलं की कामाचं न्हाई.”

मी रिकामा तांब्या घेऊन परत आले.

तीन वाजता मीटिंग बसली. त्याच वेळी मेकॅनिकने तांब्याची पट्टी गाडून वायर आत आणली, टेस्टरने तिन्ही भोकं तपासली, भिंतीवर स्टॅबिलायझर बसवला आणि त्याच्या पुढे फ्यूजचा एक लहान डबा. गिरण चालू होती. त्याने संगणक सुरू केला. बल्ब तांबडाच होता, पण स्टॅबिलायझरच्या पोटात टक्‌ टक्‌ झालं आणि पडदा उजळला. माझी सगळी नावं होती. फक्त त्या दिवशी अर्धं लिहिलेलं शेवटचं नाव नव्हतं.

“झालं ना चालू?” चेरमन आतून म्हणाले. “मग आता एक पत्र काढ बाळ. जिल्ह्याला पाठवायचं, म्हणजे इंग्रजीत.”

ते बसल्या जागेवरून मराठीत सांगत होते, मी इंग्रजीत टाइप करत होते. शिपायाच्या निष्काळजीपणामुळे आणि त्याने यंत्राशी केलेल्या खेळामुळे यंत्र निकामी झालं. विनापरवानगी कामावरून गेला. ठरावाने त्याला कमी करण्यात येत आहे. त्याला हे मान्य आहे. माझी बोटं चांगली चालत होती. इंग्रजीत ते पत्र चांगलं झालं, हे लिहायला मला आज लाज वाटते. नव्या पॉवर सप्लायवर पहिलं काम झालं ते हे. प्रिंटर करकरत मागेपुढे गेला आणि कागद बाहेर आला.

हेडक्लार्कांनी तो प्रिंटरवरून फाडून घेऊन टेबलावर ठेवला. चेरमननी सही केली, दोघा सभासदांनी केली. त्यांच्यापैकी एकालाही त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं. मग मामांना बोलावलं. ते खड्ड्यावरूनच आले. गुडघ्यापर्यंत तांबडी धूळ, मिठाने हात पांढरे. त्यांनी ऑफिसच्या किल्ल्या आधीच टेबलावर काढून ठेवल्या. पंच्याला हात पुसले आणि पेन घेतलं. सही करता येत होती त्यांना, कानडी शाळेत दोन वर्षं गेले होते.

“हितं कर,” हेडक्लार्कांनी बोट ठेवलं.

मामा वाकले. मग पेन तसंच धरून माझ्याकडे वळले. आठ दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी चारचौघांत माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. वाचणारं माणूस म्हणून बघितलं फक्त.

“अक्का, काय लिवलंय ह्यात? तेवढं मराठीत सांगा की. कशावर सही करतोय ते कळूदे.”

“काय सांगायचंय त्यात, आम्ही आहोत ना,” हेडक्लार्क म्हणाले.

“सांग गं, सांग,” चेरमन घड्याळ बघत म्हणाले. “वाचून दाखव त्याला.”

मी कागद उचलला. पलीकडे गिरण चालू होती. डोक्यात इंग्रजी वाक्य उभं होतं, मी त्याच्याकडे बघितलं नाही. केसातली पिन काढून कागदावर ठेवली.

“सही करू नका, मामा. तो लाल खटका मी सरकवला, ह्या पिनेनं. आणि खांद्याला जाताना तुम्ही मला सांगून गेला होता.”